नावं लिहिलेला झेंडा

जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी झेंड्यांना कायम गिऱ्हाईक असतं. पांढरं रेशमी किंवा सुती कापड, मधोमध लाल गोळा आणि त्या गोळ्याभोवती चहूबाजूंनी शाईने लिहिलेली नावं. नावं भरगच्च असतील, कोपऱ्यात वाघाचं चित्र असेल, तो कुठल्या बेटावर कुणाच्या हाती लागला हे सांगणारं अमेरिकन सैनिकाचं पत्र सोबत असेल, तर भाव चढतो. कापडावर डाग असला आणि तो रक्ताचा आहे असं विकणाऱ्याचं म्हणणं असलं, तर तेही जाहिरातीत आवर्जून लिहिलेलं असतं.

बहुतेक देशांत हा व्यवहार कायद्याला धरूनच चालतो. तरीही तो बंद व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि संग्राहकांविषयी आदर ठेवूनच मी ते मांडतो आहे. त्यांच्या चिकाटीमुळे कितीतरी गोष्टी मोडीत जाता जाता वाचल्या. तलवारी, शिरस्त्राणं, गणवेश, नकाशे, पलटणींची निशाणं जमवायला, अभ्यासायला, विकत घ्यायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती एकाच प्रकारच्या वस्तूंबाबत. मेलेल्या सैनिकाच्या अंगावरून काढलेली आणि जिच्यावरून तो कोण होता याचा माग लागतो, अशी वस्तू. ती आज कुणाच्याही कपाटात असू शकते, पण तिच्यावर पहिला हक्क त्याच्या घरच्यांचा. मधल्या काळात ती कितीदा विकली गेली यावरून तो हक्क बुडत नाही.

या झेंड्याला जपानमध्ये योसेगाकी हिनोमारू म्हणतात. लष्कराचं बोलावणं आलं की घरचे, शेजारी, शाळेतले मास्तर, कारखान्यातले सोबती एका छोट्या राष्ट्रध्वजावर आपापलं नाव लिहीत. युद्धात तुझं नशीब शाबूत राहो, अशा अर्थाची चार मोठी अक्षरं त्यावर बहुधा असत. खाली किंवा कडेला जाणाऱ्याचं नाव. सैनिक हा झेंडा घडी करून गणवेशाच्या आत ठेवी. कित्येकांच्या कमरेला हजार टाक्यांचा पट्टाही असे. त्यातला प्रत्येक टाका वेगळ्या बाईने घातलेला. सैनिकाची आई किंवा बायको रस्त्यावर, स्टेशनाबाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना थांबवी आणि एकेक टाका घालून घेई. वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतके टाके घालायची मुभा होती, कारण वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो अशी समजूत. सरकारची भाषा सम्राटासाठी मरण्याची होती. टाका घालणाऱ्या बाईच्या मनात हा पोरगा घरी परत यावा एवढंच असावं, असं मला ती वाघाची समजूत वाचून वाटतं.

झेंडा गणवेशाच्या आत असे, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. तो काठीवर फडकत नव्हता, कुठल्या चौकीवर लावलेला नव्हता. तो मिळवायचा तर पडलेल्या माणसाच्या अंगरख्याची बटणं काढून आत हात घालावा लागे. पॅसिफिकमधल्या बेटांवर हे इतक्या सर्रास झालं की आघाडीच्या मागे असलेल्या खलाशांना आणि वैमानिकांना विकण्यासाठी अमेरिकन नौदलाच्या बांधकाम तुकड्यांतल्या काही जणांनी पॅराशूटच्या रेशमावर लाल गोळे रंगवून नकली झेंडे तयार केले. म्हणजे लढाई चालू असतानाच बाजार उभा राहिला होता.

त्या काळी कायदाच नव्हता असंही नाही. जखमी आणि आजारी सैनिकांविषयीच्या १९२९च्या जिनिव्हा करारात, रणभूमीवर किंवा मृतांजवळ सापडलेल्या वैयक्तिक वस्तू गोळा करून एकमेकांकडे पोचवाव्यात असं स्वच्छ लिहिलेलं आहे. शत्रूची तोफ, शत्रूचा दारूगोळा, शत्रूच्या पलटणीचं निशाण ही लूट मानली जाई. मेलेल्या शिपायाचं घड्याळ, अंगठी, फोटो, पत्रं यांना तो नियम लागू नव्हता. नावं लिहिलेला झेंडा यातल्या कुठल्या बाजूला बसतो? दिसतो तो राष्ट्रध्वज, म्हणून लोकांनी त्याला पहिल्या बाजूला ढकललं. माझ्या मते तो पत्रांच्या बाजूचा आहे. गावाने एका माणसाला लिहिलेलं ते पत्रच आहे.

मर्यादा कुठेतरी असते हे त्या पिढीलाही कळत होतं. १९४४ साली एका अमेरिकन काँग्रेस सदस्याने अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्रं उघडायची सुरी भेट दिली. ती जपानी सैनिकाच्या हाताच्या हाडापासून बनवलेली होती. रूझवेल्ट यांनी ती नंतर परत केली. आज कुणी असं हाड विकायला काढलं तर लोक हादरून जातील, आणि मोठ्या लिलाव-स्थळांवर मानवी अवशेषांना बंदीही आहे. हाडाला बंदी आणि छातीशी ठेवलेल्या कापडाला बोली, असा भेद आपण करतो, कारण हाड हा देह आहे आणि कापड ही वस्तू. एरवी मला हा भेद पटला असता. जपानच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण तिथे लाखो घरांत देहाचा कुठलाच अंश परत आला नाही.

देशाबाहेर मेलेल्या जपान्यांची संख्या सरकारी हिशेबाप्रमाणे सुमारे २४ लाख आहे आणि त्यातल्या ११ लाखांहून अधिक लोकांच्या अस्थी आजही मिळालेल्या नाहीत. काही बुडालेल्या जहाजांत, काही न्यू गिनीच्या जंगलात, काही बर्मात आणि काही आपल्या मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत आहेत. अनेक कुटुंबांना लष्कराकडून लाकडी पेटी मिळाली. तिच्यात कागदाचा कपटा किंवा दगड. ज्या घरात अस्थी नाहीत तिथे श्राद्ध कसलं करायचं, हा प्रश्न मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

गिफू प्रांतातल्या हिगाशी-शिराकावा या डोंगराळ गावातल्या यासुए कुटुंबाला अशीच पेटी मिळाली होती, आत थोडे दगड. त्यांचा मुलगा सादाओ सायपान बेटावर १९४४ साली मेला. अमेरिकन मरीन मार्विन स्ट्रॉम्बो तेव्हा आपल्या तुकडीपासून चुकला होता. त्याला एक जपानी सैनिक कुशीवर पडलेला दिसला, झोपल्यासारखा, अंगावर जखम नाही. अंगरख्यातून झेंड्याचं टोक बाहेर आलं होतं. स्ट्रॉम्बोने तो काढून घेतला आणि घेताना मनाशी ठरवलं की कधीतरी तो परत करायचा. त्यानंतर तो झेंडा मोंटानातल्या त्याच्या घरी काचेच्या कपाटात राहिला. २०१७च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, स्ट्रॉम्बो स्वतः त्या गावी गेला आणि सादाओच्या धाकट्या भावाच्या हातात त्याने तो दिला. भाऊ ८९ वर्षांचा. त्याने झेंडा चेहऱ्याजवळ नेऊन हुंगला. झेंड्यावर सुमारे १८० सह्या होत्या.

त्या दिवशी झेंड्याबरोबर आणखी एक गोष्ट पोचली. सादाओ कसा मेला हे स्ट्रॉम्बोने सांगितलं. जखमा दिसत नव्हत्या, बहुधा जवळ पडलेल्या तोफगोळ्याच्या धक्क्याने गेला असावा, चेहरा शांत होता. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्या घराला हे माहीत नव्हतं. झेंडा विकला गेला असता तर तो दुसऱ्या कपाटात सुखरूप राहिला असता, पण ही माहिती स्ट्रॉम्बोबरोबर संपली असती. विक्रीमुळे तुटतो तो हाच धागा. पहिल्या मालकाला ठिकाण माहीत असतं, दुसऱ्याला बेटाचं नाव, तिसऱ्याला फक्त किंमत. म्हणून घरात अशी वस्तू असलेल्या प्रत्येक नातवाने आजोबांनी त्याविषयी काय सांगितलं होतं ते आधी लिहून काढावं, मग पुढचं ठरवावं.

परत करणं शक्य आहे, आणि ते होतं आहे. अमेरिकेत ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया गावात ओबोन सोसायटी नावाची संस्था हेच काम करते. रेक्स आणि केइको झिआक या दांपत्याने ती सुरू केली. केइको यांचे आजोबा बर्मात मेले. २००७ साली त्यांचा झेंडा अचानक कॅनडातून घरी आला. एका संग्राहकाच्या मुलाने तो पाठवला होता. आजवर या संस्थेने शेकडो कुटुंबांपर्यंत झेंडे आणि इतर वस्तू पोचवल्या आहेत. काम किचकट आहे. झेंड्यावर पत्ता नसतो. आडनावं कुठल्या भागात जास्त आढळतात, कुठल्या देवळाचा शिक्का आहे, कुठल्या कारखान्याचं किंवा शाळेचं नाव कोपऱ्यात दिसतं, यावरून गाव शोधायचं आणि मग गावात माणसं. कधी वर्ष लागतं, कधी काहीच हाती लागत नाही.

आता आक्षेप. त्यातले काही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप विजेत्याचा. ज्या सैनिकाने तो झेंडा आणला त्याने सायपान, इवो जिमा, ओकिनावा पाहिलेलं होतं. शेजारी उभा असलेला मित्र त्याच्यासमोर मेला होता. त्याने आणलेल्या खुणेवर आपण दूर बसून बोट ठेवावं का? मी ठेवत नाही. त्या वयात, त्या जागी कुणी काय केलं असतं हे सांगता येत नाही. पण तो सैनिक आणि आज ऑनलाइन बोली लावणारा माणूस यांच्यात फार अंतर आहे. पहिल्याने त्या वस्तूसाठी जी किंमत मोजली ती दुसऱ्याने मोजलेली नाही, आणि ती विकत घेता येत नाही. परत करण्याच्या कामात स्वतः लढलेले म्हातारे आणि त्यांची मुलंच पुढे आहेत, हेही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. जिंकलेलं निशाण परत करायला लागलो तर युद्धाची संग्रहालयं ओस पडतील. पॅरिसच्या अँव्हालीद या जुन्या सैनिक-निवासात फ्रान्सने शत्रूंकडून जिंकलेली निशाणं टांगलेली असत. मार्च १८१४मध्ये शत्रूसैन्य शहराच्या वेशीवर आलं, तेव्हा ती त्यांच्या हाती परत पडू नयेत म्हणून तिथल्या गव्हर्नरने सुमारे १,४०० निशाणांची अंगणात होळी केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेने जिंकलेली दक्षिणेची निशाणं परत द्यावीत असा आदेश १८८७ साली अध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या कारकिर्दीत निघाला, तर उत्तरेतल्या माजी सैनिकांनी एवढं काहूर माजवलं की तो मागे घ्यावा लागला. ती परत गेली १९०५मध्ये, काँग्रेसच्या ठरावाने. तरीही त्याच युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत जिंकलेलं २८व्या व्हर्जिनिया पलटणीचं निशाण मिनेसोटा राज्याने आजतागायत दिलेलं नाही. व्हर्जिनियाने अनेकदा मागून पाहिलं.

मला विचाराल तर मिनेसोटाने ते देऊ नये. ते पलटणीचं निशाण आहे. त्याच्याभोवती माणसं उघड लढली, ते पडू नये म्हणून आणि पाडावं म्हणून दोन्हीकडची माणसं मेली. अशा निशाणावर दोन सैन्यांचा, दोन राज्यांचा इतिहास असतो आणि त्याचा वाद त्यांनी घालावा. पलटणी आपल्या निशाणाला किती मानतात हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. भारत प्रजासत्ताक झाल्यावर राजाच्या नावाची जुनी निशाणं फेकून दिली गेली नाहीत. २३ नोव्हेंबर १९५० रोजी डेहराडूनच्या लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमध्ये ती लष्करी इतमामाने ठेवली गेली. आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने ७४व्या हायलँडर्सना जे खास निशाण बहाल केलं, त्याचा मान त्यांची वारस स्कॉटिश पलटण आजही मिरवते. ते पाहून मला आनंद होत नाही, पण त्यात अन्यायही दिसत नाही. ती त्यांची आठवण आहे आणि रणांगणावर मिळवलेली आहे.

सादाओ यासुएच्या अंगरख्यातलं कापड या जातीचं नव्हतं. त्याच्याभोवती कुणी लढलं नाही. ते तिथे आहे हे त्याच्या शेजारच्या सैनिकालाही कदाचित दिसत नसेल. संग्राहकांच्या जगात मात्र दोन्ही वस्तू ‘युद्धातले झेंडे’ म्हणून एकाच कप्प्यात पडतात, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत कठीण आहे. लाल गोळ्याचा हा झेंडा चीनमधल्या नानजिंगला गेला, फिलिपिन्समधल्या मनिलाला गेला, कोरियात गेला. त्याच्या सावलीत लाखो निरपराध माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. १९४५मध्ये एकट्या मनिलात सुमारे एक लाख नागरिक मेले. असा झेंडा सन्मानाने परत करायचा, समारंभ करायचा, डोळे पुसायचे, हे त्या लोकांच्या वारसांनी कसं पाहावं? त्यात परत आलेला प्रत्येक झेंडा घरातच जातो असंही नाही. टेक्ससमधल्या यूएसएस लेक्सिंग्टन या युद्धनौका-संग्रहालयात १९९४पासून लावलेला एक झेंडा २०२३मध्ये त्या सैनिकाच्या मुलाला परत दिला गेला, आणि तो समारंभ झाला युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांना पुजणाऱ्या टोकियोच्या यासुकुनी मंदिरात. त्याच मंदिरात अ-वर्गाच्या युद्धगुन्हेगारांचीही पूजा होते. चीन आणि कोरियाला या जागेचा संताप का येतो ते कुणालाही समजेल.

यासुकुनीतला तो समारंभ मलाही नको वाटतो. पण त्यामुळे वस्तू अडवून ठेवावी हे पटत नाही. समारंभ कुठे करायचा हा वेगळा प्रश्न आहे. घराच्या अंगणात, गावच्या शाळेत, नगरपालिकेच्या खोलीत तो करता येतो. झेंडा परत मिळालेला तो मुलगा वडील लष्करात गेले तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि झेंडा हाती आला तेव्हा ऐंशी ओलांडलेला. सैन्याने केलेल्या गुन्ह्यांचा हिशेब जपानच्या सरकारकडे, जपानच्या पाठ्यपुस्तकांकडे मागितला पाहिजे, आणि कडकपणे मागितला पाहिजे. तो हिशेब एका म्हाताऱ्याच्या वडलांचं कापड तारण ठेवून वसूल होत नाही. शिवाय एक साधी गोष्ट आहे. ते कापड अमेरिकेतल्या संग्राहकाच्या कपाटात राहिल्याने नानजिंगच्या एकाही कुटुंबाला काही मिळत नाही.

उरला शेवटचा आक्षेप, की काही कुटुंबांना झेंडा नकोच असतो. खरं आहे. कुणाला ती आठवण नको असते, कुणी वारसच उरलेलं नसतं. अशा वेळी वस्तू संग्रहालयात जावी, नावासकट आणि माहितीसकट. नकार द्यायचा हक्कसुद्धा कुटुंबाचाच आहे, आणि तो बजावायला आधी त्यांना विचारावं लागतं.

ही चर्चा आपल्यापासून फार लांबची नाही. मार्च १९४४मध्ये जपानचं १५वं सैन्य सुमारे ८५,००० माणसं घेऊन इंफाळ आणि कोहिमाच्या रोखाने निघालं. त्यातली सुमारे ३०,००० परत गेली नाहीत. बरेचसे भुकेने आणि रोगाने गेले. त्यांना सुरुवातीला ज्यांनी अडवलं त्यात सांगशाकच्या टेकडीवर लढलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं. त्यामुळे असा एखादा झेंडा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या ट्रंकेत असणं अशक्य नाही. इंफाळजवळ रेड हिलच्या पायथ्याशी २०१९मध्ये जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या मदतीने शांतता संग्रहालय उघडलं आहे. परत करायची वाट तिथूनही सापडू शकते.

पण मला अधिक काळजी आहे ती उलट बाजूची. आपल्या माणसांच्या वस्तू कुणाकडे आहेत याची.

२०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. त्याआधी २०२४मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी आली आणि साताऱ्यात लोकांनी ती रांगा लावून पाहिली. तलवारीचे पैसे सार्थकी लागले असं मी मानतो. सेनापतीच्या तलवारीसाठी आपण एवढं करतो, तर शिपायाच्या पदकासाठी काहीच का करत नाही, हा माझा प्रश्न आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात पहिल्या महायुद्धातली चांदीची पदकं मी हातात घेऊन पाहिली आहेत. गावाकडे यांना बिल्ला म्हणतात. एका बाजूला राजा पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. हे सगळ्या पदकांवर सारखंच. फरक असतो तो कडेला. पदक उभं धरून उजेडाकडे फिरवलं की कडेवर ठोकलेली बारीक इंग्रजी अक्षरं दिसू लागतात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चांदी बरीच, म्हणून कित्येक पदकं सोनारांच्या मुशीत गेली. दुष्काळात, लग्नकार्यात, आजारपणात ती मोडली गेली, आणि मोडणाऱ्या घराला दोष देता येणार नाही. जी वाचली ती बाजारात आली. तिथून ती देशात आणि देशाबाहेर, इंग्लंड-कॅनडापर्यंत संग्राहकांकडे जातात.

युद्धात मेलेल्याच्या घरी याखेरीज काशाची एक जड चकतीही यायची, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर हातात माळ धरलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, पायाशी सिंह आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा मुद्दाम वगळलेला, कारण बलिदानात लहानमोठं नाही असं ठरलं होतं. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या मोडीत या चकत्या कितीतरी गेल्या असतील.

आता दगडावर काय झालं ते पाहा. २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कूत इथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर सहाव्या पूना डिव्हिजनने शरणागती पत्करली. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या. १०३वी म्हणजे आजची जंगी पलटण. कैद झालेल्यांतले हजारो वाळवंटातल्या चालीत आणि तुर्की छावण्यांत मेले. मेसोपोटेमियात ज्यांच्या कबरी नाहीत वा ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला आकडे आले, अमुक पलटणीचे इतके. २०२१ साली युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या भेदभावाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली. म्हणजे कूतला गेलेल्या कोकणातल्या एखाद्या शिपायाचं नाव स्मारकाच्या दगडावर नाही. सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेला संगमरवरी फलक आहे, ‘या गावातून इतके गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले’, त्यावरही फक्त आकडा. त्याचं नाव धातूत उमटलं ते त्या चकतीवर आणि पदकाच्या कडेवर. आणि ती कड आज कुणाच्या अल्बममध्ये आहे हे त्याच्या पणतवाला ठाऊक नाही.

जपानी झेंड्याला मी जो न्याय लावतो तोच इथे लावतो. हे पदक शत्रूने अंगावरून काढलेलं नाही, घरच्यांनीच कधीतरी विकलं, हा फरक मान्य. त्यामुळे ते फुकट परत द्या असं मी म्हणणार नाही. पण नाव कोरलेलं आहे, पलटण कोरलेली आहे, आणि घर शोधायचा प्रयत्नच होत नाही, हे मला खुपतं. पुरावशेषांविषयीचा १९७२चा कायदा शंभर वर्षांपुढच्या ऐतिहासिक वस्तूला संरक्षण देतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेऊ देत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाला पोचली आहेत. ती टपालाने बाहेर जातात तेव्हा हे कुणी तपासतं का, ते विचारायला हवं. पण हा कायदा सीमा सांभाळतो. पदकाला घर मिळवून देणं त्याच्या आवाक्यात नाही.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे एक नोंदवही असावी आणि ती ऑनलाइन असावी. संग्राहकाने पदकाच्या कडेचा फोटो पाठवायचा, नंबर-नाव-पलटण नोंदवायची, आणि गावोगावच्या माजी सैनिकांच्या संघटनांनी ती यादी वाचायची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पहिल्या महायुद्धात कोण गेलं हे घराघरांत सांगितलं जातं, तिथे नाव ओळखायला वेळ लागणार नाही. संग्राहकाचं पदक कुणी हिसकावून घेणार नाही हेही नोंदवहीवर स्पष्ट लिहावं, नाहीतर कुणी पुढे येणार नाही. घर सापडलं आणि त्यांना पदक हवं असलं, तर संग्राहकाने घेतलेल्या भावात ते त्यांना द्यावं. घरची परिस्थिती नसेल तर गावाने, माजी सैनिकांनी, नाहीतर सरकारने तेवढे पैसे भरावेत. एका तलवारीच्या रकमेत अशी शेकडो पदकं घरी जातील.

आणि घरच्यांनी तुमच्याकडेच राहू द्या म्हटलं, तर संग्राहकाने पदक खुशाल ठेवावं. फक्त त्या घरातून आजोबांचा एक फोटो, गावाचं नाव, ते कुठे लढले आणि कधी परत आले किंवा आले नाहीत, एवढं लिहून आणावं, ते पदकासोबत ठेवावं आणि त्याची एक प्रत त्या घरात द्यावी.